ठेवायला दिलेला चेहरा

तुमसरच्या बाजारात कुणालाही विचारा, परसराम फोटोवाला कुठे बसतो. तो झेरॉक्सच्या दुकानाकडे बोट दाखवेल. दुकान माझंच आहे. पण आता माझा मुलगा बंटी त्यात आधार कार्डाच्या झेरॉक्स काढतो, लोकांचे फॉर्म भरतो, आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर शोभेला असतो. पासपोर्ट फोटोसाठी कोणी आलंच तर 'हनुवटी खाली घ्या' एवढं सांगायचं काम माझ्याकडे उरलं आहे. तेही बंटीला खपत नाही. म्हणतो, बाबा, हनुवटी कॉम्प्युटरवर खाली होते. होऊ दे म्हटलं. माणसाच्या हनुवटीला आता माणसाची गरज नाही, हे मी मान्य केलं आहे.

धान चुरून झालं होतं, मळणी आटोपली होती, गिरण्यांसमोर ट्रॅक्टरांची रांग लागली होती, त्या दिवसांतली गोष्ट. दुपारी एक मुलगी दुकानात आली. तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला.

"आबाजी, हा फोटो तुमीच काढला ना?"

मी चष्मा कपाळावरून खाली घेतला. फोटो माझाच होता. तलावाच्या पाळीवर नाचणारा एक माणूस, तोंडावर शिवणीच्या लाकडाचा मुखवटा, मोठे डोळे, दात विचकलेले, एक पाय अधांतरी आणि खाली धूळ उडालेली. एक्क्याऐंशी सालचा. याच फोटोला तेव्हा नागपूरच्या एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्याचं सर्टिफिकेट आजही झेरॉक्स मशीनच्या वर टांगलेलं आहे, आणि बंटीनं ते अजून काढलं नाही यासाठी मी त्याचा ऋणी आहे.

"कुठं मिळाला तुला?"

"नागपूरले आमच्या कॉलेजात जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं. खाली लिहून होतं, 'मुखवटानर्तक, भंडारा जिल्हा. छायाचित्र: परसराम, तुमसर.' नाचनाऱ्याचं नाव नव्हतं."

माझी छाती जरा फुगली. चव्वेचाळीस वर्षांनी कुणीतरी माझं नाव वाचून मला शोधत आलं होतं. मी बंटीकडे पाहिलं, त्यानं ऐकलं की नाही म्हणून. मग मुलगी म्हणाली, "मुखोटा आमच्या टोल्याचा हाये, पायल्याबरोबर ओळखला. हे माहे आबाजी होतेत. श्रावण उईके," आणि माझी फुगलेली छाती जागच्या जागी बसली.

"आजी बाहेर बसली हाये पायरीवर. तिले आत आनू का?"

नको म्हणायची सोय नव्हती. मुलीचं नाव कामिनी. तिनं हात धरून एका बाईला आत आणलं. साठी उलटलेली, सडपातळ, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. मी तिला ओळखलं नाही. मी 'या' म्हणताच तिनं मात्र माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि जरा हसली.

"फोटोवाले बाबू, मी आनंदाबाई. बपेऱ्याजवळच्या टोल्याची. आमच्या दोघायचा फोटो ठेवला होता तुमच्यापाशी. तो न्याले आली."

मी म्हणालो, "बसा, बाई." बंटीनं चहा सांगितला.

पुढचं कामिनीनं सांगितलं. आजीच्या डोळ्यांत काचबिंदू होता. उजवा डोळा गेला होता, डावा जात होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की दोन-तीन महिन्यांत जे दिसतंय तेही दिसणार नाही. त्याच्या आत आजीला नवऱ्याचा चेहरा एकदा पाहायचा होता. तो त्र्याऐंशी साली वारला, तीन दिवसांच्या तापात. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मुलगा आईवर गेलेला, त्याच्यात बापाचं काही शोधू म्हटलं तर सापडत नाही.

"मी हा प्रदर्शनातला फोटो दाखवला आजीले," कामिनी म्हणाली, "तं मनते, हा तो नाही."

"नाहीच हाये," आनंदाबाई म्हणाली. "मुखोटा चढवला का तो देव होते. त्याले नाव नसते. त्याच्या बायकोनं बी नाव नाही घ्याचं. मुखोटा उतरवून तलावात तोंड धुतलं का मंग माणूस. तुमी माणसाचा काढला होता ना जी, तोंड धुतल्यावर. तो पायजे मले."

"एवढी वर्षं आला नाहीत?" मी विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

आनंदाबाईला प्रश्नच विचित्र वाटला. कामिनीनं मला समजावलं. त्यांच्याकडे मुखवटा नाचणाऱ्याच्या घरी ठेवत नाहीत. वर्षभर तो दुसऱ्या एखाद्या घरी असतो. ते घर त्याला जपतं, दिवाळीला तेल-हळद लावतं आणि दिवाळीनंतरच्या जत्रेला, मंडईच्या दिवशी, आपणहून काढून देतं. मधल्या काळात नाचणाऱ्यानं त्याची चौकशी करायची नाही. ज्याच्यापाशी ठेवला त्याला विचारलं, तर भरवसा नाही असा अर्थ होतो. तो मोठा अपमान.

"तुमी ठेवला होता," आनंदाबाई म्हणाली. "तुमाले काहून विचारावं? आता डोळे चालले मनून आली."

मी म्हणालो, "जुना माल आहे, बाई. माळ्यावर पेट्या आहेत. शोधतो. आठ दिवस द्या."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं गुळगुळीत निघालं की मला स्वतःचीच शिसारी आली. शिसारी येण्याचं कारण असं, की हेच वाक्य मी एकदा तिच्या नवऱ्यालाही सांगितलं होतं.

*

आता खरं काय ते सांगतो. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि सव्वीस वर्षांच्या माणसाला आपण फार मोठे आहोत असं वाटतं. माझ्याकडे बारा फोटोंचा रोल बसणारा दोन डोळ्यांचा कॅमेरा होता, एक फ्लॅशगन होती, आणि स्पर्धेचा फॉर्म होता. टोल्यावर, त्या छोट्या वस्तीत, मंडईच्या दिवशी मुखवट्याचा नाच होतो हे ऐकलं होतं. इथले फोटोवाले त्याचा फोटो काढायला भीत. कॅमेरा फुटतो म्हणत. आमच्या घरात छप्पन सालच्या धर्मांतरानंतर देव नव्हता, त्यामुळे मला भीती नव्हती. आदरही नव्हता, हेही सांगून टाकतो. मला हवा होता तो उडालेल्या धुळीचा फोटो.

श्रावण नाचला ते अजून डोळ्यांसमोर आहे. बारीक अंगाचा माणूस, पण मुखवटा चढवल्यावर हातभर उंच वाटायला लागला. बायाबापड्या मागे सरकल्या. मी मात्र पुढे, त्याच्या पायाशी, पोटावर. एकामागून एक बारा फोटो काढले. अकरावा घेतला तेव्हाच मला कळलं होतं की बक्षीस माझं आहे. बारावा, तो पाळीवरून खाली पाण्याकडे निघाला तेव्हा. मुखवटा उतरवायचा तो पाण्याकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून, असा त्यांचा नियम. मी कॅमेरा पिशवीत भरायला लागलो. सूर्य बुडत होता आणि बपेऱ्याहून तुमसरची शेवटची मोटार चुकली असती.

तेवढ्यात तो धावत वर आला. तोंड धुतलेलं, केसांतून पाणी गळतंय, आणि मागे एक पोरसवदा बायको, डोक्यावरचा पदर सावरत.

"बाबू, आता माहा काढा. आमचा दोघायचा. आमचा येक बी नाही."

रोल संपला होता. मी तसं सांगायला हवं होतं. दुसरा रोल झोळीत होता, पण तो दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी राखलेला. आता तुम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. माझे उस्ताद म्हणायचे, गिऱ्हाइकाला नाही म्हणू नये, खाली फ्लॅश मारावा, म्हणजे रिकामा. लग्नात पन्नास पोरं अंगावर येतात, मामा येतो, मामाचा साडू येतो, सगळ्यांना फोटो हवा असतो. रोल नसलेला कॅमेरा रोखायचा, 'रेडी' म्हणायचं, उजेड पाडायचा. माणूस खूश होऊन बाजूला होतो. महिन्याभरानं विचारलंच तर रोल खराब निघाला म्हणायचं. जिल्ह्यातले निम्मे लोक कधी ना कधी असल्या उजेडात हसले आहेत. त्यात काही पाप आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी त्यांना पाळीवर उभं केलं. "रेडी" म्हणालो. फ्लॅश मारला आणि मोटारीकडे पळालो.

दोन महिन्यांनी श्रावण दुकानात आला. फडक्यात तलावातले शिंगाडे बांधून आणले होते, माझ्यासाठी. "फोटो झाला का जी?" मी म्हणालो, जुना-नवा माल एकत्र झालाय, शोधतो, आठ दिवस द्या. त्यानं थोडा विचार केला. मग एकदम हलका झाल्यासारखा म्हणाला, "नाही तं तुमच्यापाशीच राहू द्या. आमच्या घरात पानी गळते, खराब होईन. तुमी ठेवा. आमी येऊन घेऊ." आणि नमस्कार करून निघून गेला. बला टळली म्हणून मी शिंगाडे सोलून खाल्ले. ते गोड होते.

दीड वर्षानं बपेऱ्याचा एक ओळखीचा माणूस दुकानात बोलता बोलता म्हणाला की तुमचा तो नाचणारा गेला. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलंच, पण त्याच्या आधी हायसं वाटलं. आता कोणी विचारायला येणार नव्हतं.

*

आठ दिवसांत मी माळ्यावरच्या तिन्ही पेट्या उतरवल्या. का, ते देव जाणे. नसलेली वस्तू शोधायला माणसाला जास्त वेळ लागतो. बारा फोटोंची निगेटिव्हची पट्टी सापडली. भिंग लावून खिडकीशी बसलो. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं, तसा मुखवटा पांढराफटक आणि डोळ्यांची भोकं लख्ख. बारा वेळा मुखवटा. तेरावं काही नव्हतं. तरी मी पट्टीच्या टोकाकडची कोरी जागा भिंगाखाली धरून बराच वेळ पाहत राहिलो, म्हातारपणी माणूस असला मूर्खपणा करतो.

बंटीनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. मुलगा बापाला बोलेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "बाबा, एवढंच ना? बनवून देतो."

"काय बनवून देतो?"

"फोटो. त्या पोरीच्या बापाचा फोटो मागा, तिच्या भावाचा मागा. मोबाईलमधी टाकलं का त्यायच्या खानदानातला पंचवीस वर्षाचा पोरगा काढून देते. जुन्या रंगात. बुढीले अर्धं दिसते, अर्धं दिसत नाही. काय कळन तिले? खूश होईन. तुमी बी सुटसान."

मी त्याच्यावर ओरडलो. मग दुसऱ्या दिवशी कामिनीला फोन केला आणि सांगितलं, निगेटिव्हला बुरशी लागली आहे, दुरुस्त करायला घरातल्या माणसांचे फोटो लागतील. तिनं पाच मिनिटांत पाठवले. वर 'थँक यू आबाजी' लिहिलं आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं.

आणि फोटो झाला. खोटं पण देखणं काम, नाव ठेवायला जागा नाही. पंचवीसेक वर्षांचा सावळा तरुण, ओले केस, मागे पुसटसा तलाव. बंटीनं तपकिरी रंग दिला, कोपऱ्यात पाण्याचा डाग टाकला, एक बारीक ओरखडाही मारला. मला राहवलं नाही, मी स्टुलावरून उठून त्याच्या मागे उभा राहिलो आणि सांगू लागलो. कपाळावरचा उजेड कमी कर, फ्लॅश समोरून होता, सावली कानामागे जाईल. वर्षानुवर्षांनी बंटी माझं ऐकत होता. आम्ही बापलेक त्या संध्याकाळी इतके जवळ आलो होतो, की आपण काय करतोय हे मी तासभर विसरूनच गेलो. शेवटी फोटो चांगल्या कागदावर छापला, पाकिटात घातला. मी मनाशी म्हणालो, बाईला दोन महिने दिसणार आहे, त्या दोन महिन्यांपुरतं समाधान दिलं तर काय बिघडलं. उस्तादांचीच शिकवण ही. नाही म्हणू नये.

*

बपेऱ्याला उतरलो तर कामिनी घ्यायला आली होती. टोला तिथून चालत पंधरा-वीस मिनिटं. धानाच्या बांध्यांमध्ये कापलेली खुंटं उभी होती, कुठे कुठे लाखोरीच्या डाळीची कोवळी रोपं उगवून आली होती. वाटेत एका कौलारू घराकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मुखोटा तिथी हाये."

"अजून नाचतात?"

"नाही. पंधरा-सोळा साल झाले. नाचनारा कोनी राहिला नाही. पोट्टे कामाले गेले. पण त्यायच्यापाशी ठेवला हाये, तं हाये. दिवाळीले तेल लावतेत." ती सहज सांगत होती. मी त्या घराकडे परत पाहिलं नाही.

आनंदाबाई अंगणात खाटेवर बसली होती. नवं लुगडं नेसली होती, केसांना तेल लावलेलं, चापूनचोपून बसवलेलं. माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. समोर तलाव होता, तोच, पाळही तीच. मी पाकीट कामिनीच्या हातात दिलं. तिनं फोटो काढला, पाहिला, आणि तिचे डोळे भरून आले. "आबाजी... आजी, किती सुंदर होते ते!" म्हणाली, आणि फोटो आजीच्या हातात ठेवून तिला उजेडाकडे वळवलं.

आनंदाबाईनं चष्मा काढला. फोटो डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ, नाकाला लागेल इतका जवळ नेला. हळूहळू सरकवत पाहत राहिली, वरून खाली, मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मी खुर्चीच्या कडेवर बसून होतो. दुकानात हजारो माणसांनी माझ्यासमोर आपापले फोटो पाहिले असतील, पण असा फोटो पाहताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

"देखना हाये पोरगा," ती म्हणाली.

पुन्हा एकदा कडेपर्यंत पाहिलं. मग चेहरा वर न करता तिनं विचारलं, "अना मी कुठी हाओ?"

मला आधी कळलंच नाही.

"मी त्याच्या डाव्या बाजूले उभी होती," ती म्हणाली. "तुमीच मनलं, बाई, जरा जवळ सरका. मी सरकली. त्याचा हात ओला होता, माह्या हाताले लागला. मी यात नाही."

चव्वेचाळीस वर्षं मी श्रावणला फसवल्याचं मनात बाळगून होतो. दर दोन-चार वर्षांनी आठवायचं, थोडं टोचायचं. त्याच्या शेजारी एक मुलगी उभी होती, मी तिला सरकायला सांगितलं होतं, फसवलं तिलाही होतं, आणि जिवंत तीच होती. तिला मी हिशेबातच धरलं नव्हतं. तिनं दुकानात 'दोघायचा' म्हणून सांगितलं होतं, तरी खोटा फोटो बनवतानासुद्धा धरलं नाही.

"हे ते नाहीत का, आजी?" कामिनीनं विचारलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. पोरगी हुशार आहे. तिचा चेहरा पालटला.

मी खुर्चीवरून उठलो. बसून सांगण्यासारखं नव्हतं ते.

"बाई, फोटो नाही. कधीच नव्हता. त्या दिवशी माझा रोल संपला होता. मी नुसता उजेड पाडला. झोळीत दुसरा रोल होता, तो मी तुमच्यासाठी घातला नाही. हा फोटो माझ्या पोरानं मोबाईलवर बनवला. यातला माणूस कोणीच नाही."

बोलून झालं. मला वाटलं होतं, एकदा तोंडातून निघालं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. कामिनी जागेवरून उठली आणि घराच्या दाराशी, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. आनंदाबाई फोटो मांडीवर ठेवून तशीच बसली.

"पन उजेड पडला होता," शेवटी ती म्हणाली. "माह्या डोळ्यांत गेला होता. घरी जाईपर्यंत मले समोर हिरवं हिरवं दिसे. तो हासला मले."

"उजेड पडला होता, बाई."

"मी लय येळ श्वास धरून होती. कोनीतरी सांगतलं होतं, हललं का फोटो बिघडते." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता, त्याचीच वाट पाहत होतो. "बाबू, तुमाले येक सांगू? तो गेला तवा पयले पयले डोळे मिटले का दिसे. नाक दिसे, हासने दिसे. मंग कमी कमी झालं. आमच्या शेजारची मनते, रोज ध्यान कर, रोज आठव, नाही तं जाते. तिचा बी नवरा गेला होता. ती रोज बसून आठवे. तिले आजपावतर आठवते. मी नाही आठवलं. मी मनलं, कायले? फोटो तं हाये तुमसरले. ठेवला हाये. ठेवलेल्या वस्तूची फिकर कोन करते? मी कामाले लागली. पोराले मोठं केलं. अना तो गेला डोळ्यातून, मले समजलं बी नाही कवा गेला."

मी रडलो. सत्तरीचा माणूस, भर दुपारी, परक्याच्या अंगणात. लाजही वाटली नाही. आनंदाबाईनं मला रडू दिलं. गप्प बसा म्हणाली नाही, आणि जवळही आली नाही. मग तिनं मांडीवरचा फोटो चाचपून उचलला आणि माझ्याकडे धरला.

"हे घेऊन जा. कोनाचा तरी असन पोरगा, दुसऱ्याच्या माणसाले आमी घरात कसं ठेवाचं?"

मी फोटो घेतला.

"येक काम करा मंग," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच जरा पुढे सरकून बसली. आवाजात घाई आली होती. "तुमी तं पायलं होतं ना त्याले. तोंड धुवून आला तवा. कॅमेऱ्यातून पायलं होतं, अगदी समोरून. तुमी फोटोवाले, तुमाले माणसाचं तोंड ध्यानात राहते. सांगा मले. नाक कसं होतं? इथी कपाळावर मुखोट्याचा वळ पडे, तो होता का? हासून राहिला होता का? तुमी सांगा, मी ध्यानात ठेवीन आता. डोळे गेले तरी चालते. बसा, चाय ठेव ओ कामिनी. सांगा जी."

कामिनी दारातून वळून माझ्याकडे पाहत होती.

सांगता आलं असतं. माझं आयुष्य तोंडं पाहण्यात गेलं. सरळ नाक, रुंद कपाळ, ओठांच्या कोपऱ्यात हसू, एवढं म्हणालो असतो तर त्या बाईनं ते उराशी धरून पुढची वर्षं अंधारात काढली असती. वाक्य तोंडाशी आलं होतं. पण खाली फ्लॅश कसा मारतात ते मला ठाऊक होतं. रोल नसला की फोटोवाला फोकस करत नाही. काचेत पाहतही नाही. कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घातल्यासारखी करायची, आणि बटण दाबायचं. मी त्या वेळी पाळीपलीकडच्या रस्त्याकडे पाहत होतो, मोटारीची धूळ दिसते का म्हणून. मुखवट्यावरची तासणीची रेघन् रेघ मी आजही काढून दाखवीन. मुखवट्याखालचा माणूस माझ्यासमोर उभा राहिला आणि मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो दुकानात आला तेव्हासुद्धा मी शिंगाड्यांच्या फडक्याकडे पाहत होतो, कारण त्याच्या तोंडाकडे पाहायचा धीर नव्हता.

"मी पाहिलं नव्हतं, बाई," मी म्हणालो.

ती तशीच पुढे झुकून राहिली, मी आणखी काही बोलेन म्हणून. कान माझ्याकडे होता. मग हळूहळू मागे सरकली, चष्मा उचलून डोळ्यांवर ठेवला, आणि तलावाच्या दिशेनं तोंड केलं.

"मंग आता तो कोनाच्याच घरी नाही," ती म्हणाली.